युयुत्सू पांडवांचा खबऱ्या होता का?

माळ्यावरची_ट्रंक (धागाकर्ता)

भाचा अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून त्याच्या उशाशी ड्रॅगनवाली, विटेएवढी जाड इंग्रजी पुस्तकं असतात. रविवारी कोथरूडहून आमच्याकडे जेवायला आला की मला त्यातल्या 'थिअऱ्या' ऐकवतो. अमका सरदार वरून या राजाचा, आतून त्या घराण्याचा. पुरावा काय? तर दुसऱ्या खंडातल्या मेजवानीत त्याने पेला उचलला, पण ओठाला लावला नाही. गेल्या रविवारी आमटी वाढता वाढता मी म्हणालो, बाळा, असली माणसं आपल्या महाभारतात पोत्याने सापडतील. "एक सांग." युयुत्सू, म्हटलं. "तो कोण?" इथे माझी पंचाईत झाली. धृतराष्ट्राचा दासीपासून झालेला मुलगा, युद्धाआधी पांडवांकडे गेला, यापुढे मलाही काही येईना.

मग वडिलांच्या कपाटातले भाषांतराचे खंड काढले. दोन दिवस नुसत्या शिंका. आठवडाभर रात्री तेच वाचन, आणि आता माझीच थिअरी तयार झालीय: हा माणूस युद्धाच्या सकाळी फुटला नाही. तो लहानपणापासून पांडवांचाच होता आणि हस्तिनापुरात बसून होता.

सुरुवात जन्मापासून. गांधारीचं गरोदरपण लांबलं, त्या काळात एक वैश्य स्त्री धृतराष्ट्राच्या सेवेला होती. तिचा हा मुलगा. वाड्यात वाढला, पण वारसांच्या रांगेत नाही. नोकरांत उठबस, राजपुत्रांतही उठबस. खबऱ्यासाठी यापेक्षा चांगली जागा कुठली?

आता विषाचं प्रकरण. भीमाला विष घालून गंगेत टाकलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यानंतर त्याच्या जेवणात पुन्हा ताजं कालकूट कालवलं गेलं, आणि ते पांडवांना जाऊन सांगणारा कोण? हा वैश्यापुत्र. (भीमाने तरीही ते खाल्लं आणि पचवलं. एवढ्या जोखमीच्या खबरेची अशी वासलात कोणी लावली नसेल.)

मग कुरुक्षेत्र. दोन्ही सैन्यं समोरासमोर, युधिष्ठिर भीष्म-द्रोणांना नमस्कार करून परत येतो आणि मध्ये उभा राहून हाक देतो की ज्याला आमच्याकडे यायचं असेल त्याने यावं. एवढ्या सैन्यातून एक धृतराष्ट्रपुत्र बाहेर येतो. मला तरी हे आधी ठरलेलं वाटतं. दारावर थाप ठरवून मारावी तशी ती हाक आहे.

१८व्या दिवशी संध्याकाळी हा छावणी सोडून हस्तिनापूरला जातो आणि त्याच रात्री अश्वत्थामा छावणी कापून काढतो. वाचला. आणि शेवटी पांडव महाप्रस्थानाला निघताना परीक्षिताला गादीवर बसवतात, पण राज्य सांभाळायला देतात ते युयुत्सूकडे. ३६ वर्षांनी मिळालेलं बक्षीस.

फोडा आता.

गवती_चहा

रुमाल टाकून ठेवतेय. रात्री सविस्तर लिहिते.

शनवारी_चौकट

थिअरी छान आहे, पण एका दुंदुभीने फुटते. युयुत्सू कौरवांची बाजू सोडून जातो तो दुंदुभी वाजवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. भीष्मपर्वात तसं स्पष्ट आहे. कुठला खबऱ्या वाजतगाजत जातो? लक्ष्मी रोडवरून मिरवणूक निघावी तसा तो गेलाय.

आत राहून पोखरणारा माणूस हवा असेल तर शल्य घ्या. दुर्योधनाच्या पाहुणचाराला भुलून तिकडे गेला, आणि कर्णाचा तेजोभंग करीन असा शब्द युधिष्ठिराला देऊन बसला. कर्णाच्याच रथावर सारथी होऊन त्याने तो पाळला. छुपी निष्ठा म्हणतात ती ही.

माळ्यावरची_ट्रंक

शल्याची निष्ठा वाचकाला आधीच सांगितलेली आहे, त्यात थिअरी कसली? आणि दुंदुभी वाजली ती काम संपल्यावर. युद्ध सुरू झाल्यावर आतल्या माणसाची गरजच काय?

शनवारी_चौकट

युद्ध सुरू झाल्यावरच तर आतला माणूस हवा असतो! चक्रव्यूह १३व्या दिवशी रचला जाणार आहे, ही एक बातमी आदल्या रात्री मिळाली असती तर? तुमच्या खबऱ्याला पहिल्या दिवशीच बाहेर काढणारा युधिष्ठिर हा जगातला सर्वांत वाईट हेरप्रमुख म्हणावा लागेल.

निरुपद्रवी_बाण

हसून हसून पुरेवाट. पण पॉइंट आहे.

कोपऱ्यातलं_टेबल

मुळात महाभारताला ड्रॅगनच्या गोष्टींच्या पंक्तीला बसवणंच मला पटलेलं नाही. तो इतिहास आहे, 'इति ह आस'. तिथे थिअरी कसली लढवता?

माळ्यावरची_ट्रंक

पंगत मी मांडली नाही, भाचा जेवायला आला होता. आणि इतिहास असेल तर माणसांच्या हेतूंबद्दल तर्क करायला अधिकच मोकळीक हवी. पुण्यात पेशवाईबद्दल दुसरं काय करतो आपण?

ताक_कण्या

एक प्राथमिक शंका. विषाची गोष्ट खरंच ग्रंथात आहे की मालिकेत पाहिलेली? मालिकांमध्ये युयुत्सूच्या तोंडी पानभर संवाद घातलेले असतात.

अर्धवट_संस्कृत

आहे. आदिपर्वात आहे, आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतही ती ओळ टिकलेली आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण 'टिकणं' सोपं नव्हतं. १९१९ ते १९६६ एवढा काळ ते काम चाललं, देशभरातून आलेली १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. ओळीला ओळ लावून पाहायची, फक्त एखाद्याच प्रांताच्या पोथ्यांत असलेलं तळटीपेत टाकायचं. या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांनी आदिपर्वावर जी कात्री चालवली, तीत लोकांचे लाडके प्रसंग गेले. गणपती महाभारत लिहून घेतो ती गोष्टसुद्धा मुख्य संहितेतून बाहेर गेली. युयुत्सूची ही अर्धी ओळ राहिली.

तिच्यात एक शब्द आहे, 'हितकाम्यया'. पार्थांचं, म्हणजे पांडवांचं, हित व्हावं म्हणून त्याने सांगितलं. बक्षिसासाठी नाही, कोणी नेमला म्हणूनही नाही. थिअरीला हे मदत करतं की मारतं ते तुम्ही ठरवा.

अवांतर: लॉ कॉलेज रोडवरून रोज जाणाऱ्या दहा पुणेकरांना तिथल्या या संस्थेच्या आत काय आहे विचारा. नऊ जण पार्किंगबद्दल बोलतील.

निरुपद्रवी_बाण

मी ट्रंककाकांची थिअरी थोडी दुरुस्त करून पुढे रेटतो. युयुत्सू पांडवांचा खबऱ्या नव्हताच. तो विदुराचा माणूस होता.

बघा. दोघेही वाड्यातल्या, पण राणी नसलेल्या बायकांची मुलं. दोघेही बुद्धीने थोर म्हणवले जाणारे आणि दोघांनाही गादी नाही. विषाची खबर आल्यावर पांडव गप्प बसतात ते कोणाच्या सल्ल्याने? विदुराच्या. वारणावताला निघताना युधिष्ठिराशी कोड्यात बोलणारा कोण? विदुर. लाक्षागृहातून भुयार खणायला खनक पाठवणारा? पुन्हा विदुर. म्हणजे हस्तिनापुरात माणसं पेरण्याची, निरोप फिरवण्याची एक यंत्रणा चालू आहे आणि तिच्या मुळाशी तो बसलाय. युयुत्सू तिच्यातला सगळ्यात लहान वयाचा कार्यकर्ता.

आणि हुकमाचं पान: १८व्या दिवशी युयुत्सू हस्तिनापुरात शिरतो, सूर्य मावळतोय, आणि त्याला पहिला भेटतो कोण? वि-दु-र. अहवाल घ्यायला!

शनवारी_चौकट

विदुर तेव्हा रडत होता हो. अहवाल कसला घेतोय.

निरुपद्रवी_बाण

चांगले हेरप्रमुख रडत रडतच घेतात.

गवती_चहा

आले. आधी सांगते, मला खबऱ्या हा शब्दच खटकतोय. तुम्ही सगळे एकच धरून चाललाय: त्याची निष्ठा पांडवांकडे होती, प्रश्न फक्त कधीपासून. मी तीच जागा वेगळी वाचते.

युधिष्ठिर हाक देतो, युयुत्सू म्हणतो मी तुमच्या बाजूने लढेन, मला घेत असाल तर. यावर युधिष्ठिर काय उत्तर देतो? ये ये, आपण मिळून तुझ्या या मूर्ख भावांशी लढू, इतकं ठीक आहे. पण पुढे म्हणतो, 'त्वयि पिण्डश्च तन्तुश्च धृतराष्ट्रस्य दृश्यते'. धृतराष्ट्राचा पिंड आणि त्याच्या वंशाचा धागा तुझ्यातच दिसतोय. अजून एक बाण सुटलेला नाही. आणि हा माणूस समोरच्या नव्याण्णव, शंभर जणांना मेलेलं धरून, म्हाताऱ्याला पिंड कोण देणार याची व्यवस्था लावून मोकळा झालाय!

म्हणून माझी थिअरी अशी की युयुत्सू पांडवांकडे गेला, पण बापाला सोडून नाही. कोणीतरी एक जिवंत राहायला हवा होता आणि तो जिकडे जिवंत राहील तिकडे गेला. तो ओलांडून जाण्याआधी स्वतः हे मनात म्हणाला की नाही, ग्रंथ सांगत नाही. युधिष्ठिराला मात्र लगेच कळलं.

माळ्यावरची_ट्रंक

म्हणजे धृतराष्ट्रानेच पाठवला? विम्याचा हप्ता?

गवती_चहा

नाही हो. धृतराष्ट्राला एवढी दूरदृष्टी असती तर युद्धच झालं नसतं. विदुराचा उल्लेख वर आलाय ना, तोच विदुर त्या संध्याकाळी रडत रडत युयुत्सूला म्हणतो की त्या लोभी, पुढचं न पाहणाऱ्या आंधळ्या राजाची तू आता एकटा काठी उरलास. आपण 'आंधळ्याची काठी' उठता बसता म्हणतो, इथे ती शब्दशः आहे. निरुपद्रवी_बाण, अहवाल घेणारा असं बोलत नाही.

आणि युयुत्सू हस्तिनापूरला गेला तो जीव वाचवायला नाही. छावणीतल्या कौरवांच्या बायका सैरभैर होऊन शहराकडे पळत होत्या. दुर्योधन रण सोडून गेलेला. याने युधिष्ठिराची आणि कृष्णाची परवानगी मागितली, त्यांना घेऊन गेला. त्या रात्री तो आपल्या घरी राहिला. स्तुती होत होती, त्याला ती नकोशी झाली. जिंकलेल्या बाजूचा वीर होता तो.

शनवारी_चौकट

हे छान आहे. पण मग तो लढला का कौरवांशी? बापाची काठी व्हायचं तर घरीच बसायचं.

गवती_चहा

लढला, आणि फारसं जमलं नाही. कर्णपर्वात शकुनीच्या मुलाने, उलूकाने त्याला पिटाळून लावलंय. नावाचा अर्थ 'लढण्याची इच्छा असलेला'. आईबापांनी आशेने ठेवलेली नावं!

पण मला जी जागा दाखवायची आहे ती द्रोणपर्वातली. १२व्या दिवशी कौरवांकडून लढणाऱ्या भगदत्ताचा हत्ती पिसाळल्यासारखा पांडवांच्या सैन्यात घुसलाय. त्याने युयुत्सूचे घोडे मारले, सारथी मारला. युयुत्सू खाली उडी टाकतो आणि धावत जाऊन एका जवळच्या रथावर चढतो. रथ कोणाचा? अभिमन्यूचा.

दुसऱ्या दिवशी अभिमन्यू गेला.

संध्याकाळी अर्जुन परत येतो, त्याला कळतं, त्याचा तो मोठा विलाप आहे. त्यात मध्येच तो कृष्णावर घसरतो. कौरव जल्लोष करत होते तेव्हा युयुत्सू त्यांना म्हणाला, अर्जुनापुढे चालेना म्हणून एक पोर मारलंत आणि वर गर्जना कसल्या करता? असं बोलून तो रागाने, दुःखाने शस्त्र टाकून निघून गेला. कृष्णा, हे तू ऐकलं होतंस, मग मला रणातच का नाही सांगितलंस?

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आदल्या दिवशीचा हत्ती लक्षात नव्हता. दुसऱ्यांदा वाचताना दोन्ही जोडले गेले आणि खंड मिटून ठेवला. त्याच्या पायाखाली काल जो रथ होता, त्या रथातलं पोर.

ताक_कण्या

दंडवत. हत्तीचं माहीतच नव्हतं.

अर्धवट_संस्कृत

गवती_चहा, तुमच्या या दोन जागांना एक शेपूट जोडतो. सगळं युद्ध संजय धृतराष्ट्राला सांगतोय, हे लक्षात ठेवून वाचा. युयुत्सू पांडवांकडे जातो तेव्हा संजय म्हणतो, 'तुझ्या मुलांना सोडून' तो गेला. जणू युयुत्सू त्या 'मुलां'त नाहीच. हत्तीच्या तडाख्यातून सुटून तो अभिमन्यूच्या रथावर चढतो, तिथे मात्र संजय म्हणतो, 'तुझा पुत्र' सौभद्राच्या रथावर चढला. पक्ष सोडताना परका, जीव वाचवताना मुलगा. संजयाने मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पद्यात अक्षरं भरायलाही माणसं 'तव पुत्र' म्हणतात. पण समोर बसलेल्या आंधळ्या बापाच्या कानाने ऐकून बघा.

आता मोजणी. युद्धानंतर उरले किती? कौरवांकडचे तीन: अश्वत्थामा, कृप, कृतवर्मा. पांडवांकडचे सात: पाच भाऊ, कृष्ण, सात्यकी. एकूण दहा, असा हिशेब सौप्तिकपर्वात येतो. युयुत्सू कुठाय?

शनवारी_चौकट

तो त्या रात्री हस्तिनापुरात होता. हिशेब रणावरच्यांचा असेल.

अर्धवट_संस्कृत

शक्य आहे. पण मग कृष्ण-सात्यकी-पांडव तरी त्या रात्री छावणीत कुठे होते? तेही बाहेरच होते, म्हणून तर वाचले. ते मोजले, हा नाही मोजला. पुढे आश्वमेधिकपर्वात कृष्ण द्वारकेला जाऊन वसुदेवाला सगळं सांगतो तेव्हा दोन्हीकडचे उरलेले सांगून झाल्यावर म्हणतो की युयुत्सूसुद्धा पांडवांच्या आश्रयामुळे सुटला. 'सुद्धा'. वेगळ्या ओळीत. तो कुठल्या रकान्यात घालायचा हे मोजणाऱ्यालाच ठरवता आलेलं दिसत नाही.

पडद्याआड

धर्मवीर भारतींच्या 'अंधा युग'मध्ये हाच युयुत्सू घरी परत आल्यावर सगळ्यांच्या तिरस्काराचा धनी होतो आणि आत्मघात करतो. तीच प्रतिमा डोक्यात पक्की होती. राज्य सांभाळायला त्याच्याकडे दिलं होतं, हे आज इथेच कळलं.

निरुपद्रवी_बाण

मी विदुराची यंत्रणा मागे घेत नाही, पण युयुत्सूला तिच्यातून राजीनामा देऊ देतो. बरं, द्यूतसभेचं काय? द्रौपदीसाठी उभा राहून बोलला तो विकर्ण, शंभरातला. युयुत्सूचा आवाज तिथे ऐकू येत नाही. हितकाम्यया तेव्हा कुठे गेली होती?

गवती_चहा

याला माझ्याकडे उत्तर नाही. विकर्ण बोलला आणि तरी दुर्योधनाकडून लढून भीमाच्या हातून मेला. हा बोलला नाही आणि निघून गेला. दोघांपैकी कोण बरा, यावर वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.

सांडगे_मिरची

थोडं घरचं लिहितो, अवांतर वाटलं तर सोडून द्या. आमचा पेठेतला वाडा वाटणीवरून कोर्टात गेला. माझे मधले काका चुलत घराण्याच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, स्वतःच्या वडिलांच्या विरुद्ध. कागदावर हिस्सा चुलत्यांचाच होता, काका जे खरं तेच बोलले. आजोबा त्यानंतर त्यांच्याशी शब्द बोलले नाहीत. घरात त्यांना 'फितूर' म्हणत, पोरंसुद्धा.

आजोबा गेले तेव्हा थोरले आणि धाकटे दोघेही परदेशात, दोघांनाही येणं जमलं नाही. दहाव्याला ओंकारेश्वरापाशी घाटावर सगळे जमलो. गुरुजींनी दर्भ हातात घेऊन विचारलं, कर्ता कोण? कोणी काही बोलेना. मधले काका अंघोळ करून, ओला पंचा नेसून, नदीकडे तोंड करून आधीच उभे होते.

माळ्यावरची_ट्रंक

सांडगे_मिरची, हे अवांतर नाही. तुमचं वाचून काल रात्री मी आश्रमवासिकपर्व पुन्हा काढलं. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात वणव्यात गेले. नारद येऊन बातमी सांगतो. पांडव गंगेवर जातात आणि युयुत्सूला पुढे करून धृतराष्ट्राला पाणी देतात. पुढे तो, मागे पाच भाऊ. युधिष्ठिर पहिल्या दिवशी पिंडाचं बोलला होता, ते इथे येऊन पोचतं. मधे किती पर्वं गेली, मी मोजली नाहीत.

म्हणून खबऱ्याची थिअरी मागे. शीर्षक बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं.

आज भाचा आला होता. त्याला हे सगळं सांगितलं, हत्ती, रथ, काठी, दहाची मोजणी. त्याने पोळीचा घास हातात धरून ऐकलं. मग विचारलं, "मामा, त्याच्या आईचं नाव काय होतं?"

ताक_कण्या

नेटवर दोनतीन नावं फिरतात.

अर्धवट_संस्कृत

ती नंतरची आहेत. ग्रंथात नुसतं 'वैश्या'.

माळ्यावरची_ट्रंक

तेच सांगितलं त्याला. म्हणाला, मग ती शेवटी कुठे गेली? पांडव वनात भेटायला गेले तेव्हा ती होती का? मी खंड परत काढलेत. कोणाला सापडलं तर इथेच टाका.